फॉस्फो-अँटिबॉडी: पॉलिक्लोनल घ्यावी की रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल?

लॅबमधली ज्युनिअर विचारत होती, ट्यूमर सेल्समधे फॉस्फो-एकेटी (एकेटी प्रोटीनचं सेरीन ४७३ या जागी फॉस्फेट लागलेलं रूप) बघायचंय, ते ओळखणारी कुठली अँटिबॉडी मागवू? कॅटलॉगमधले सुंदर ब्लॉट (अँटिबॉडीने दिसलेल्या प्रोटीनच्या बँडचे फोटो) बाजूला ठेव, म्हटलं.

खर्च बघितला तर पॉलिक्लोनल, म्हणजे प्राण्याच्या सीरममधलं अनेक अँटिबॉडींचं मिश्रण, बहुतेक वेळा स्वस्त पडते. पण खरा घोळ लॉटचा, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा. सशाचं सीरम संपलं की नवीन लॉट दुसऱ्या सशाचा, आणि मग जुना बँड ६० किलोडाल्टनला (एकेटीच्या वजनाला) नीट यायचा तिथे आता खाली-वर दोन फालतू बँड, पुन्हा डायल्युशन सेट करत बसा. रिकॉम्बिनंट मोनोक्लोनल म्हणजे जीनवरून बनवलेली एकाच प्रकारची अँटिबॉडी; तिचा सिक्वेन्स ठरलेला असतो, त्यामुळे दोन वर्षांनी मागवली तरी बरीचशी तशीच येते.

पॉलिक्लोनल अनेक एपिटोप (प्रोटीनवरच्या पकडायच्या जागा) पकडते म्हणून सिग्नल जास्त, असं म्हणतात, पण इथे सगळा खेळ एका फॉस्फेटभोवतीच्या छोट्या पेप्टाइडचा, त्यामुळे तो फायदा फार उरत नाही. उलट फॉस्फेट नसलेला प्रोटीन ओळखणाऱ्या अँटिबॉडी नीट काढल्या नसतील तर बोंब. मोनोक्लोनलचंही एक आहे हां, शेजारच्या अमिनो आम्लावर दुसरं मॉडिफिकेशन असेल तर ती आंधळी होऊ शकते.

मेहनत दोन्हीकडे सारखीच: लॅम्डा फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारं एन्झाइम) दिलेला कंट्रोल, टोटल एकेटीचा (फॉस्फेट असो-नसो) ब्लॉट, लायसिस बफरमधे (पेशी फोडायच्या द्रावणात) फॉस्फेटेज इनहिबिटर. आणि ब्लॉकिंगला (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ब्लॉट झाकायला) शक्यतो दूध नको, त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन, बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) बरं.

एकदाच झटपट चेक करायचं असेल किंवा त्या साइटला मोनोक्लोनल मिळतच नसेल तर पॉलिक्लोनल चालेल, पुरेल एवढा एकच लॉट घेऊन ठेव. पीएचडीभर तोच ब्लॉट लावायचाय किंवा पेशंटचे टिश्यू सेक्शन रंगवायचेत, तर रिकॉम्बिनंटच.