मामाच्या ११२ कॅसेट्स आणि एक सेकंडहँड डेक : नऊ महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. घरात जुन्या लाइव्ह रेकॉर्डिंगच्या कॅसेट्स पडून असतील आणि त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या असतील, तर ऑनलाइन मिळणारा यूएसबीवाला चिमुकला कॅसेट प्लेअर घेऊ नका. एखादा जुना डेक (म्हणजे मोठा, घरगुती कॅसेट प्लेअर-रेकॉर्डर) शोधा, दुरुस्त करून घ्या आणि त्याला वेगळा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज कॉम्प्युटरात नेणारी डबी, जोडा. पण त्याच्याही आधी एक अख्खी संध्याकाळ काढून कॅसेट्सची यादी करा. मी ती यादी सगळ्यात शेवटी केली. त्यापायी साठेक तास पाण्यात गेले, त्याची हकीकत पुढे येईल.

मामा १९८६ साली एम.एस. करायला व्हर्जिनियात गेला आणि १९९० मध्ये इंदूरला परत आला तो दोन सुटकेस आणि कॅसेट्सचं एक खोकं घेऊन. ‘सोन्याची बिस्किटं आणली असती तर बरं झालं असतं,’ असं आजी शेवटपर्यंत म्हणायची. खोक्यात बहुतेक सगळं ग्रेटफुल डेड, थोडं लेड झेपलिन, थोडं पिंक फ्लॉइड, आणि दुकानात विकत घेतलेली एकही कॅसेट नाही. सगळ्या कुणीतरी मैफलीत बसून भरलेल्या, नाहीतर त्यावरून उतरवलेल्या. गेल्या वर्षी मामाने लोकमान्यनगरचं घर रिकामं केलं आणि खोकं आमच्या रामबागेच्या घरी येऊन पडलं.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी : ग्रेटफुल डेड हा कॅलिफोर्नियाचा बँड १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं वाजवत राहिला, सुमारे २३०० कार्यक्रम केले, आणि रोज वेगळं वाजवायचा. आपल्याकडे एकच राग गवय्या दर खेपेला वेगळा मांडतो, तसं. त्यामुळे लोक एकेका तारखेचं रेकॉर्डिंग जमवायचे. बँडने अडवलं तर नाहीच, उलट ऑक्टोबर १९८४ पासून माईक लावून बसणाऱ्यांसाठी सभागृहात साउंड मिक्सरच्या मागे वेगळी जागाच दिली. अट एकच, विकायचं नाही. मग त्यातून रीत पडली : ज्याला हवं त्याने कोऱ्या कॅसेट्स आणि परतीचं टपाल पाठवायचं, समोरच्याने भरून परत करायच्या. मामाच्या खोक्यातल्या निम्म्या कॅसेट्स अशाच आलेल्या. पत्ते लिहिलेली दोन-चार जुनी पाकिटंही त्यात होती. ती मी फाडून टाकली, लोकांचे पत्ते कशाला ठेवायचे.

आता यूएसबी प्लेअर. सतराशे रुपये. पहिली कॅसेट घातली आणि अर्ध्या मिनिटात कळलं की गिटारचा लांब सूर थरथरतोय, गाडी गतिरोधकांवरून जावी तसा. दुसरं म्हणजे त्याच्या आतलं सर्किट आवाज आपोआप कमी-जास्त करतं. दोन गाण्यांमध्ये शांतता आली की ते आवाज वर खेचायचं आणि प्रेक्षकांतला खोकलासुद्धा ड्रमइतका मोठा व्हायचा. तिसरं, डावं-उजवं दोन्हीकडे एकच आवाज. खोक्यावर ‘स्टिरिओ’ असं ठसठशीत छापलेलं होतं, हे नमूद करून ठेवतो. परत करायची मुदत सात दिवसांची होती, मी आठव्या दिवशी जागा झालो.

मग जेल रोड. तिथे एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर जपानी थ्री-हेड डेक (पुसायला, भरायला आणि वाजवायला वेगवेगळं हेड असलेला) मिळाला. दुकानदार म्हणाला, ‘‘भिया, ये तो अब म्यूज़ियम की चीज़ है,’’ आणि म्युझियमचा भाव लावला. साडेसात हजारांवर सौदा ठरला. घरी आणून लावला तर रीळ फिरेना. आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट झाला होता. दुकानदाराने फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या एका मिस्त्रीकडे बेल्ट आणि पिंच रोलर (फीत पुढे ओढणारं रबरी चाक) बदलून घेतले, त्याचे अठराशे वेगळे. इंटरफेस चार हजारांचा. म्हणजे एकूण खर्च तेरा हजार तीनशे आणि पंधरा दिवस. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, ते फुकट आहे आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

नऊ महिन्यांत सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू मात्र ना डेक, ना इंटरफेस. ती म्हणजे घड्याळजीकडचा चाळीस रुपयांचा बारीक स्क्रूड्रायव्हर. फितीवरचा आवाज वाचणाऱ्या प्लेबॅक हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, हेडचा फितीशी असलेला काटकोन त्याने जुळतो. याला अ‍ॅझिमथ म्हणतात. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली, प्रत्येक यंत्राचा कोन केसभर वेगळा. मी काय करतो, हेडफोन लावतो, डावा-उजवा एकत्र करून मोनोत ऐकतो आणि स्क्रू अगदी किंचित, घड्याळात पाच मिनिटं सरकावीत इतकाच फिरवतो. झांजांचा आवाज आधी ओल्या फडक्यातून आल्यासारखा असतो. फिरवता फिरवता एका जागी तो एकदम उघडतो. थोडं पुढे गेलं की परत मिटतो. त्या उघडलेल्या जागी थांबायचं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी कॅसेट पहिल्यापासून परत लावली. ज्या कॅसेटबद्दल मामाने ‘ही गेलेली आहे’ असं लिहून ठेवलं होतं, ती गेलेली नव्हतीच.

दुसरी गंमत विजेची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. तिकडे डेकवरून डेकवर उतरवताना तिथल्या विजेची बारीक घूं फितीवर बसते. आमच्या घराचं वायरिंग जुनं, अर्थिंग यथातथा, त्यामुळे सुरुवातीला माझ्या रेकॉर्डिंगमध्ये रामबागेची ५० ची घूं सुद्धा मिसळायची. ऑडॅसिटीत कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे याचा आलेख काढला की दोन्ही टेकड्या शेजारी शेजारी दिसायच्या, एक इंदूरची, एक अमेरिकेची. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला, आपली टेकडी सपाट झाली. अमेरिकेची मात्र कामाची निघाली. बायको गाणं शिकलेली आहे. ती एकदा म्हणाली, ‘‘अहो, तुमचं हे चढं वाजतंय. इंटरनेटवर याच तारखेचं ऐकलं ते उतरतं होतं.’’ मी हसण्यावारी नेलं. मग आलेख पाहिला. ६० च्या पटीत १८० वर जी रेघ दिसायला हवी ती १८३.५ च्या आसपास होती, म्हणजे फीत जवळपास दोन टक्के जलद. स्वराच्या भाषेत सांगायचं तर अर्ध्या सुराचा साधारण तिसरा हिस्सा. एकाच कॅसेटला असं असतं तर दोष भरणाऱ्याच्या यंत्राचा म्हटला असता. ओळीने सात कॅसेट्सना तेच, म्हणजे दोष माझ्या डेकचा. मोटरच्या मागे भोकात एक स्क्रू असतो, मिस्त्रीने तो जरासा फिरवला, काम झालं. तोवर भरलेल्या सगळ्या फायलींचा वेग सॉफ्टवेअरमध्ये कमी करत बसलो. बायकोने त्या आठवड्यात फार काही बोलून दाखवलं नाही, पण स्वयंपाकघरातून गुणगुणणं जरा जास्तच सुरात येत होतं.

किरकोळ गोष्टी भराभर : रेकॉर्डिंगच्या सेटिंगला २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरतं, त्याच्या वर जाण्यात अर्थ नाही, कॅसेटवर तेवढं काही नसतंच. नव्वद मिनिटांची एक कॅसेट दीड जीबी होते, फ्लॅक (आवाज न गमावता फाइल आवळणारा प्रकार) केली की साधारण निम्म्यावर येते आणि आवाजातलं काही कमी होत नाही. एमपीथ्री करू नका, निदान मूळ प्रत तरी नको. डॉल्बीचं (फितीची सळसळ कमी करणारं) बटण कव्हरवर लिहिलं असेल तरच दाबा. कॅसेटमधला फीत दाबून धरणारा छोटा नमदा गळून पडलेला असेल, तर पाच स्क्रूवाली कॅसेट उघडून दुसऱ्या सांगाड्यात घालता येते. मामाच्या बहुतेक मॅक्सेल एक्सएल-टू आहेत, त्या सगळ्या उघडतात. पावसाळ्यात फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट तशीच डेकमध्ये घालू नका, हेडवरून ती पुढच्या दहा कॅसेट्सना लागते. मी जुलैत घातली. हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, अत्तराच्या बाटलीतलं नव्हे.

आता त्या साठ तासांबद्दल. कॅसेट खऱ्या वेळातच उतरते, नव्वद मिनिटांची असेल तर नव्वद मिनिटं, त्यात शॉर्टकट नाही. मी उत्साहात वरच्या वर हाताला येईल ती घेत गेलो. चाळीस कॅसेट्स झाल्यावर फोनवर मामाला अभिमानाने सांगितलं की ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला कार्यक्रम उतरवला. मामा म्हणाला, ‘‘अरे, ती तर २०१७ साली सीडीवर आली! अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने जपून ठेवायच्या यादीत घातलीय ती. तू माझी पाचव्या पिढीची कॉपी कशाला धूत बसलायस?’’

पिढी म्हणजे कॉपीची कॉपी. प्रत्येक उतरवणीत फितीची सळसळ वाढत जाते, वरचे स्वर झिजत जातात. कॉर्नेलचं मूळ रेकॉर्डिंग बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईने थेट साउंडबोर्डवरून, म्हणजे मिक्सरमधूनच, केलेलं होतं. मामाकडे त्याची इतकी फिरून आलेली प्रत होती की गाण्यापेक्षा पाऊसच जास्त ऐकू येत होता. मग मी बसलो आणि यादी केली. इंटरनेट आर्काइव्ह या जुनं साहित्य जपणाऱ्या वेबसाइटवर २००२ पासून लाइव्ह म्युझिक आर्काइव्ह हा मैफलींचा विभाग आहे, त्यात प्रत्येक तारीख तपासली. ११२ पैकी ७१ कॅसेट्सच्या तारखा तिथे माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या आवाजात आधीच होत्या. (साउंडबोर्डच्या बऱ्याच नोंदी तिथे नुसत्या ऐकता येतात, उतरवून घेता येत नाहीत. प्रेक्षकांतून केलेल्या घेता येतात.) झेपलिन आणि फ्लॉइडच्या कॅसेट्स वेगळ्या काढल्या. त्या बँड्सनी अशी मोकळीक दिलेली नाही, तेव्हा त्या मी ऐकतो, वाटत नाही. त्यातली २१ जून १९७७ ची लॉस एंजेलिसची झेपलिनची कॅसेट मात्र ऐकावीच. माईक मिलर्ड नावाचा एक जण व्हीलचेअरमध्ये यंत्र लपवून न्यायचा, त्याच्या रेकॉर्डिंगवरून ती आलेली आहे. फिरून आलेली प्रत असूनही तिच्यातले ड्रम छातीवर येतात.

राहिल्या मोजक्या. मामाने स्वतः माईक कधी लावला नाही, पण चार कार्यक्रमांत टेपर्सच्या, म्हणजे त्या माईकवाल्यांच्या, रांगेत बसून शेजाऱ्याच्या डेकमधून वायर आपल्या रेकॉर्डरमध्ये घेतली होती. म्हणजे मधे एकही कॉपी नाही. खोक्यातलं खरं धन एवढंच : आठ कॅसेट्स. त्या मी दोनदा उतरवल्या. सोबत साध्या मजकुराची फाइल जोडली, तिच्यात कुठला माईक (मामाला आठवला तेवढा), कुठला डेक, कुठली फीत, इंदूरला कशावर वाजवली, वेग किती दुरुस्त केला, सगळं. आर्काइव्हवर चढवून आता चार महिने झाले. या फाइलला तिथले लोक गाण्याइतकीच किंमत देतात. ती नसेल तर नुसती फीत म्हणजे बापाचं नाव नसलेलं स्थळ.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या इंदुरात, आणि चाळीसेक किलोमीटरवर कुमार गंधर्वांच्या देवासला, बैठकींची रेकॉर्डिंग्ज किती घरांत पडून असतील याचा हिशेब नाही. पण कॉपी मागून बघा. ‘‘ऐकायला या, घरी या, चहा घ्या,’’ इथपर्यंत येतात, कॉपी कुणी देत नाही. काहींना गायकाच्या घरच्यांची परवानगी नाही ही अडचण खरीच आहे. बाकीच्यांना मात्र आपल्याकडेच आहे यातलं सुख सोडवत नाही. आणि बुरशीला परवानगी लागत नाही. डेकची बातमी कळल्यावर दोन घरांतून पिशव्या आल्या. दोन्ही वेळा अट तीच, उतरवून द्या, पण तुमच्याकडे ठेवू नका. मी नाही ठेवलं.

आणि एक कॅसेट राहिलीच. ९ ऑक्टोबर १९८९, हॅम्प्टन कॉलिझियम. बँडने त्या दोन रात्री आपल्या जुन्या नावाने तिकिटं विकली होती आणि ‘डार्क स्टार’ हे गाणं पाच वर्षांनी पहिल्यांदा वाजवलं. मामा सभागृहात होता. ती कॅसेट मी मुद्दाम मागे ठेवली होती. सुरू झाली, प्रेक्षकांचा तो गिल्ला उठला, आणि चौथ्या मिनिटाला खट्ट आवाज होऊन आकाशवाणी इंदूरवरचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला. माळवी बोलीत, सोयाबीनवरच्या किडीबद्दल. पुढची अकरा मिनिटं तेच. मामाने कॅसेटची पाठची पट्टी तोडली नव्हती (ती तोडली की वरून काही भरता येत नाही), आणि टेपरेकॉर्डरचं बटण आजोबांना दिसलं होतं. मामाला ऐकवलं तर तो आधी गप्प राहिला, मग म्हणाला, ‘‘ती फाइलही पाठव.’’

डेक विकणार का म्हणून तिघांनी विचारलं आहे. नाही, अजून एकतीस कॅसेट्स बाकी आहेत आणि पिशव्या येतच आहेत. तो सतराशेवाला प्लेअर मात्र हवा असेल तर रामबागेत येऊन फुकट घेऊन जा. सेल आपले आणा.