फिश रूम करताय? स्पंज फिल्टर की एकच सम्प, आधी ते ठरवा

माशांच्या टाक्यांसाठी खोली मिळाली की आपण पहिलं काय करतो तर टाक्या किती बसतील ते मोजत बसतो, पण माझं ऐका, आधी फिल्टरचं ठरवा, म्हणजे टाकीगणिक हवेवर चालणारा स्पंज की सगळ्यांना मिळून खाली एक फिल्टरची टाकी, म्हणजे सम्प, कारण रॅक, पाईप, वायरिंग सगळं त्यावर अवलंबून असतं आणि मागाहून बदलायचं म्हटलं की खर्च डबल.

हिशोबाला 60 लिटरच्या दहा टाक्या धरू. नुसतं पाणीच 600 किलो झालं, काच आणि रॅक वेगळं, तेव्हा रॅक खोलीच्या मध्यात नको, मजबूत भिंतीला लागून हवा, हे दोन्हीकडे सारखंच.

स्पंजच्या पद्धतीत एक मोठा एअर पंप, भिंतीवरून फिरवलेला पीव्हीसी पाईप, त्यावर टाकीगणिक एक छोटा व्हॉल्व्ह आणि प्रत्येक टाकीत एक स्पंज, बस. काचेला भोक पाडायचं नाही म्हणून जुन्या सेकंडहँड टाक्याही चालतात, आणि बजेट खरं इथेच वाचतं. पिल्लं फिल्टरमध्ये ओढली जात नाहीत. गप्पीला जड पाणी लागतं, बऱ्याच टेट्रांना मऊ, ते वेगवेगळं ठेवता येतं. पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर बसवा, नाहीतर लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं.

त्रास आहे तो मेहनतीचा. आठवड्याला 30 टक्के पाणी बदलायचं म्हणजे 180 लिटर, 15 लिटरच्या बारा बादल्या बाहेर आणि बारा आत, त्यामुळे लांब होज पाईप पहिल्या दिवसापासून घ्याच. स्पंज धुताना टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळायचा, काळ्या चहासारखा गाळ निघतो, दोन-तीनदा पिळला की पुरे, एकदम स्वच्छ करायचा नाही. नळाखाली तर धरूच नका, क्लोरीनने स्पंजमधले, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया मरतात आणि टाकी परत शून्यावर येते.

सम्पमध्ये सगळ्या टाक्यांचं पाणी खाली एका टाकीत येतं, तिथे फिल्टर होऊन पंपाने वर जातं. दहा हीटरऐवजी एक-दोन, पाणी बदलायचं एकाच जागी, आणि एकूण पाणी जास्त असल्याने पाण्याची तब्येत एकदम बिघडत नाही. रोज फारसा वेळ नसेल त्याला हे खूप सोयीचं.

पण प्रत्येक टाकीला भोक, ओव्हरफ्लो (वरचं जादा पाणी खाली सोडणारी वाट), प्लंबिंग, सुरुवातीचा खर्च चांगलाच वाढतो. शिवाय लाईट गेली की प्रत्येक टाकीतलं वरचं पाणी खाली उतरतं, 60 बाय 30 सेंटीमीटरच्या टाकीत 2 सेंटीमीटर उतरलं तरी 3.6 लिटर, दहांचे मिळून 36, तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवीच. माझ्या पहिल्या सम्पमध्ये मी ती ठेवली नव्हती, रात्री लाईट गेली आणि सकाळी घोट्यापर्यंत नाही पण दरवाज्यापर्यंत पाणी, खालच्या एक्स्टेंशन बोर्डाच्या अगदी जवळ. तेव्हापासून बोर्ड भिंतीवर उंच.

आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती रोगाची. व्हाईट स्पॉटचे (माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग) जंतू पाण्यात पोहून नवीन मासा शोधतात, म्हणजे एका टाकीत आला की तो दहाही टाक्यांत गेलाच समजा. सम्पला जंतू मारणारा यूव्ही दिवा लावला तर कमी होतो, पण भरवसा नको. म्हणून सम्प केलात तरी नवीन माशांसाठी एक टाकी पूर्ण वेगळी लागतेच, तिची जाळीही वेगळी, निदान तीन-चार आठवडे, आणि तिच्यात फिल्टर कुठला, तर स्पंजच.

ओलीचं दोन्हीकडे सारखंच, झाकणं आणि एक्झॉस्ट फॅन लावा नाहीतर भिंतीला बुरशी धरते. वरची रांग खालच्यापेक्षा गरम राहते, गरम पाणी आवडणारे मासे वर ठेवा.

दहा-बारा टाक्या आणि वेगवेगळ्या जाती असतील तर डोळे झाकून स्पंज. एकच जात, एकसारखं पाणी आणि वीसच्या वर टाक्या करायच्या असतील तरच सम्पचा विचार करा. स्पंज घेतलात तर चालू टाकीत एक-दोन स्पंज जास्तीचे टाकून ठेवा, महिना-दीड महिन्यात त्यांत ते बॅक्टेरिया वसून ते तयार होतात, मग अचानक एखादी टाकी लावायची वेळ आली तरी त्याच दिवशी थोडे मासे सोडता येतात.