कॅटलिना ३० की केप डोरी ३०? अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावर फॅमिलीसाठी जुनी शिडाची बोट घेताना

अ‍ॅनापोलिसच्या आसपास जुनी बोट शोधायला लागलात की या दोन नावांशी गाठ पडणारच. दोन्ही तीस फुटी, दोन्ही सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या, वजनही सारखंच, दहा हजार पाउंडांच्या आगेमागे. कागदावर बघून वाटतं एकच तर आहेत, खाली केबिनमध्ये उतरलं की फरक कळतो.

कॅटलिना रुंदीला १० फूट १० इंच, केप डोरी ९ फूट. हे जवळजवळ दोन फूट म्हणजे काय ते पाऊस आला आणि दोन पोरं, कूलर, ओले टॉवेल आणि सासूबाई एकदम खाली उतरल्या की समजतं. कॅटलिनात टेबलाभोवती बसून निवांत पोहे खाता येतात, केप डोरीत एकाला उठवल्याशिवाय दुसरा पुढे जात नाही. पण दिसायला केप डोरीच, ब्रॉन्झच्या खिडक्या, बाहेर सागवान, कार्ल अल्बर्गचं डिझाइन, नुसती बांधून ठेवली तरी बघत बसावं. मीही घसरलो होतो, मग बायकोने विचारलं दरवर्षी ते सागवान घासणार कोण, विषय संपला.

केप डोरीची कील (बोटीच्या तळाखालचा वजनदार भाग) लांब, त्यामुळे सरळ चालते, लाटांत आपटत नाही. पण जुलैत इथे वारा पडतो तेव्हा जागची हलत नाही, आणि मरिनात रिव्हर्स घेताना तिची मर्जी असेल तिकडे जाते (शेजारच्या बोटवाल्याशी आधीच ओळख करून ठेवा). कॅटलिना थोड्या वाऱ्यातही निघते. फक्त तिची साधी फिन कील ५ फूट ३ इंच पाण्यात जाते, आणि नांगर टाकायच्या छान जागा नेमक्या उथळ, म्हणून ४ फूट ४ इंचवाली शोल कील शोधा. केप डोरी ४ फूट २ इंच, तिथे ती जिंकते.

आता दुखणी. कॅटलिनाची शिशाची कील बोल्टने जोडलेली असते, त्या जोडावर पुढच्या बाजूला चीर पडते, तिला सगळे 'कॅटलिना स्माइल' म्हणतात. बारीक चीर असेल तर घाबरू नका, पण त्यातून गंजाचं पाणी पाझरत असेल तर बोल्ट तपासल्याशिवाय पुढे बोलूच नका. डोलकाठीखालच्या खांबाचा लाकडी ठोकळा कुजून खांब खाली बसतो, मी एका बोटीवर टॉयलेटचं दार लावायला गेलो तर ते चौकटीला घासत होतं, मालक म्हणे दमट हवा, मी म्हटलं बरं आणि उतरलो. केप डोरीत शिसं फायबरग्लासच्या आतच बंद, कीलच्या बोल्टची भानगडच नाही. डेक मात्र दोन्हींचा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, 'टक टक'चा आवाज 'धप्प' झाला की आतलं लाकूड भिजलंय.

जुन्या कॅटलिनात पेट्रोलचं अ‍ॅटॉमिक ४ इंजिन असतं, इंजिन चांगलं पण पेट्रोलची वाफ खाली साचते, स्टार्टच्या आधी चार मिनिटं ब्लोअर (ती वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवायलाच लागतो. पोरं असतील तर डिझेलवालीच बघा.

माझं विचाराल तर पोरांसकट डिझेल, शोल कीलवाली कॅटलिना, दोघंच असाल आणि घासायची हौस असेल तर केप डोरी. बघायला ऑक्टोबरात जा, हिवाळ्यात बोट ठेवायचं बिल समोर दिसायला लागलं की मालक भावावर बोलायला तयार होतात.