१९६६ची मस्टँग कन्व्हर्टिबल: दीड वर्ष चालवल्यावर

मामांनी फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल, म्हणजे घडी होणाऱ्या छपराची जुनी अमेरिकन गाडी, घेतली त्याला दीड वर्ष झालं, चालवतो बहुतेक मीच, म्हणून लिहितोय. बडोद्यात दोघातिघांनी विचारलंय की १९६५ची घ्यायची का १९६६ची. माझं म्हणणं, वर्ष नंतर बघा, आधी पत्रा बघा.

आम्ही पहिली जी बघितली ती '६५ची ओरिजिनल कन्व्हर्टिबल' म्हणून दाखवली होती. लाल, चकाचक, मामा जागेवरच पाघळले. पुढची जाळी बरोबर ६५ची, मधाच्या पोळ्यासारखी, आणि घोड्याच्या चौकटीतून दोन्हीकडे आडव्या पट्ट्या. ६६ला साध्या मॉडेलमधून त्या पट्ट्या गेल्या आणि जाळी बारीक आडव्या रेघांची झाली, घोडा अधांतरी दिसतो. दाराच्या मागच्या खोलगट भागात ६६ला तीन बोटांसारखं क्रोम असतं, जीटीला, म्हणजे मस्टँगच्या स्पोर्टी मॉडेलला, ते नसतं. आत ६५ला लांबट आडवा स्पीडोमीटर आणि ६६ला पाच गोल मीटर, पण ६५च्या जीटीलाही गोल मीटर होते, आणि हे सगळे पार्ट नवे विकत मिळतात, कोणीही बदलू शकतो, त्यामुळे यावरून वर्ष ठरवायला जाऊ नका.

आमच्यासोबत मकरपुऱ्याचे मिस्त्रीकाका होते. त्यांनी बोनेट उघडलं, डाव्या फेंडरच्या (मडगार्डच्या) काठाला अर्धगोल खाच असते तिथे रॉकेलचा बोळा घासला आणि ग्रीसखालून नंबर वर आला, ५ आर ०७ सी आणि पुढे आकडे. काका म्हणाले, "साहेब, ही कूपे आहे, छप्पर कापलंय हिचं." पहिला आकडा वर्षाचा, त्यानंतर कारखान्याचं अक्षर, आणि पुढचे दोन आकडे बॉडीचे, ०७ कूपे (पक्क्या छपराची), ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक (मागे उतरत्या छपराची), आणि शेवटचं अक्षर इंजिनाचं. दारावरची प्लेट नवी बनवून मिळते, तिच्यावर जाऊ नका.

कंपनीची कन्व्हर्टिबल असेल तर छप्पर नाही म्हणून खालून जास्तीचा पत्रा दिलेला असतो, दाराखालचा भाग जाड आणि सीटखाली आडवी प्लेट. कापलेल्या कूपेत ते काहीच नसतं. काकांनी जॅक लावून एक बाजू उचलली आणि मी दार लावायला गेलो तर लागेचना, गाडी मधोमध वाकली होती!! मामा परत येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

शेवटी घेतली ती आमची निघाली ६ टी ०८ सी, म्हणजे ६६, कन्व्हर्टिबल, मेटुचेनच्या कारखान्याची, २८९ घनइंचाचं व्ही-८ इंजिन, २०० हॉर्सपॉवर. संध्याकाळी छप्पर खाली करून कमाटीबागेकडून निघालं की त्या इंजिनाच्या आवाजासाठी सगळं केलेलं वसूल वाटतं. पण ब्रेकचं सांगतो, ६६पर्यंत मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) एकाच सर्किटचा, एक पाइप गेला की चारही चाकांचे ब्रेक गेले, डबल ६७ला आला. आम्ही पहिल्याच महिन्यात डबल बसवून घेतला आणि तुम्हीही घ्या, ओरिजिनलचा हट्ट इथे नको. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे हायवेवर ओव्हरटेक करताना शेजारी माणूस लागतोच.

पाण्याचं बघाच. वायपरखालच्या जाळीतून आतला पत्रा सडतो आणि पाणी पायाशी येतं, म्हणून घेण्याआधी तिथे तांब्याभर पाणी ओता आणि मॅटखाली हात घालून बघा. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हापासून मी तर कुठल्याही गाडीचं कार्पेट उचलल्याशिवाय भावच विचारत नाही.

कागद सोपे आहेत, ५० वर्षांवरच्या गाडीला विंटेज गाड्यांच्या व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षं चालते, पण रोजच्या वापराला किंवा भाड्याने लावता येत नाही, त्यामुळे भाचीच्या लग्नात फिरवली ती घरची म्हणून.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो मागच्या खिडकीसाठी, ती काच नाही प्लास्टिक आहे, घडीवर चरे पडतात, आई प्रत्येक वेळी छप्पर खाली घ्यायच्या आधी त्यात जुना पंचा घालून देते.