घरून काम करणाऱ्या टीमचे खेळ: नऊ महिने खेळून झाल्यावर

आमची टीम अकरा जणांची. मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात घरून काम करते. आणखी तिघं नागपुरातलीच, बाकीचे पुणे, कोल्हापूर आणि नांदेडला. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने इकडे यायचं तर चोवीस तासांहून जास्त लागतात, त्यामुळे सगळ्यांची भेट वर्षातून एकदा झाली तरी खूप. जानेवारीत टीमची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा कळलं, दोन वर्षं रोज सोबत काम करणाऱ्या माणसांना एकमेकांच्या घरी कोण कोण असतं हेही माहीत नाही. तेव्हापासून सप्टेंबरपर्यंत आम्ही जे जे खेळून पाहिलं, ते इथे लिहिते आहे.

सुरुवात वाईट झाली. एका इव्हेंट कंपनीकडून ऑनलाइन कार्यक्रम घेतला, माणशी साडेतीनशे रुपये. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, दीड तास, कॅमेरा चालू ठेवायची सक्ती आणि सगळं इंग्रजीतून. मीटिंगमध्ये जे तिघं नेहमी बोलतात तेच इथेही बोलले. एकीचं बाळ मागे रडत होतं आणि ती दर दोन मिनिटांनी सॉरी म्हणत होती. तिचं ते सॉरी मला आजही टोचतं. त्या रात्रीच ठरवलं: खेळ कामाच्या वेळेतच, बुधवारी दुपारी साडेतीनला, फक्त अर्धा तास. कॅमेरा ज्याचा त्याने बघावा. यायचं नसेल तर कारण विचारायचं नाही.

सगळ्यात जास्त खेळलो ते स्क्रिबल. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, लिंक पाठवली की झालं. एकाने चित्र काढायचं, बाकीच्यांनी शब्द ओळखून टाइप करायचा. चित्र काढणाऱ्याला तीन शब्दांतून एक निवडता येतो आणि शब्दात किती अक्षरं आहेत ते सगळ्यांना दिसतं. पण खरी गंमत आली ती स्वतःचे शब्द भरायला लागल्यावर. मराठी कीबोर्ड सगळ्यांकडे नाही, म्हणून आम्ही मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत भरतो. स्पेलिंगवरून वाद होतात, पण शब्द जवळपास बरोबर असेल तर खेळ तसं सांगतो, त्यामुळे निभतं.

दुसऱ्याच आठवड्यात आमच्या नागपूरच्या एका मुलीने हिरव्या पानांची जुडी काढली, देठांना दोरा बांधलेला. पुणे आणि कोल्हापूरवाले 'कोथिंबीर' लिहून लिहून थकले, जागा मात्र सहाच अक्षरांची. नागपूरकरांनी एका क्षणात ओळखलं: सांबार. कोल्हापूरचा दादा म्हणाला, "म्हणजे भाजीवाल्याकडे जाऊन तुम्ही सांबार मागता?" मागतोच की, आणि सांबारवडीही त्याचीच करतो! पुढच्या बुधवारी त्याने वाटी आणि वर लाल तवंग काढला. आम्ही सगळे 'तर्री' लिहीत बसलो, त्याचा शब्द होता 'कट'. तेव्हापासून शब्दांची यादी दर वेळी वेगळ्या गावाने करायची असं ठरलं. नांदेडची ताई एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नसे. तिने तिच्या यादीतला प्रत्येक शब्द घरी कोण वापरतं ते सांगितलं. आजी, आत्या, शेतावरचे काका. वीस मिनिटं ती एकटीच बोलत होती आणि कोणी मध्ये बोललं नाही.

उन्हाळ्यात या खेळाचा आणखी एक फायदा कळला. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं, घरोघरी मोठे कूलर सुरू, माइक उघडला की नुसता घोंघाट. स्क्रिबलला आवाजच लागत नाही. सगळे म्यूट, आणि चॅटमध्ये नुसता धिंगाणा. लाईट गेलीच तर मोबाइलवरून पुन्हा येता येतं. मी राउटरला छोटा इन्व्हर्टर लावून घेतला, तो खर्च खेळापेक्षा कामासाठी जास्त कामी आला.

कोडनेम्स थोडं डोकं खातं, पण शांत माणसांसाठी याच्यासारखा खेळ नाही. पडद्यावर २५ शब्द, दोन गट, प्रत्येक गटाचा एक म्होरक्या. त्याने एक शब्द आणि एक आकडा एवढंच सांगायचं, त्यावरून गटाने आपले शब्द शोधायचे. एक काळा शब्द असतो, त्यावर बोट पडलं की डाव हरला. आमचा नांदेडचा टेस्टर म्होरक्या झाला आणि म्हणाला, "नागपूर, दोन." ऑरेंज तर सगळ्यांनाच सुचलं. दुसऱ्यासाठी पुणेकर अडले. मी 'सेंटर' म्हटलं, कारण झिरो माइलचा दगड. लहानपणी बाबा स्कूटरवरून तिकडून नेताना दर वेळी सांगायचे, हा देशाचा मध्य. त्या टेस्टरला हे कसं माहीत, म्हणून विचारलं, तर त्याचं एक वर्षाचं कोचिंग नागपुरात झालेलं. सीताबर्डीतल्या खोलीत राहायचा. दोन वर्षांत हे कधी बोलण्यात आलंच नव्हतं.

प्रश्नमंजूषा दोनदा घेतली, ठीक. चित्रावरून वाक्य आणि वाक्यावरून चित्र असा गार्टिक फोनही खेळलो, हसून हसून पोट दुखलं. पण त्यातून माणसांची ओळख काही वाढली नाही.

ओळख वाढली ती चिठ्ठ्यांमुळे. दर पंधरा दिवसांनी मी वाटीत नावं टाकते, दोन-दोनच्या जोड्या काढते (एका जोडीत तिसरा जातो) आणि त्यांनी वीस मिनिटं फोनवर बोलायचं. कामाचं नाही. चालत बोललात तरी चालेल. एकदा माझी जोडी पुण्याच्या एका मुलाशी लागली. त्याचा कॅमेरा कायम बंद असायचा आणि मला वाटायचं, याचं लक्ष नसतं. बोलताना कळलं की घर दोन खोल्यांचं आहे, आजारी वडील आतल्या खोलीत, म्हणून हा सगळ्या मीटिंगा इमारतीच्या जिन्यावर बसून करतो. त्यानंतर मी कॅमेऱ्याबद्दल कोणालाच कधी विचारलं नाही.

आता सांगते ते कुठल्याही अॅपवर मिळणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, आणि लोक ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" त्याच दिवशी तान्हा पोळाही असतो, लहान मुलांचा, लाकडी बैलांचा. माझ्या मुलीने सजवलेला लाकडी नंदी मी कॉलवर दाखवला आणि मारबत म्हणजे काय ते बाकीच्यांना सांगितलं. मग प्रत्येकाने नाव न लिहिता फॉर्ममध्ये एक ओळ लिहायची, कामातली कुठली पीडा मारबतीने घेऊन जावी. मी एकेक मोठ्याने वाचत गेले आणि सगळे मिळून "घेऊन जा गे मारबत!" ओरडले. "रात्री अकराचा मेसेज घेऊन जा गे मारबत." "एकाच कामाच्या तीन एक्सेल शीट घेऊन जा गे मारबत." आणि चार जणांनी, एकमेकांना न विचारता, एकच लिहिलं होतं: दुपारी दीडची मीटिंग. ती मीटिंग मी ठेवलेली. चौथ्यांदा वाचताना माझा आवाज खाली आला. दुसऱ्या दिवशी ती सकाळी अकराला नेली आणि दोन शीट बंद केल्या. रात्रीचे मेसेज बंद करायला वरच्यांशी बोलावं लागलं, तेही बरेचसे कमी झाले.

कोणाला हे करायचं असेल तर एवढं जपा: नावं खरंच गुप्त ठेवा आणि त्यातली एक तरी पीडा आठवड्याच्या आत घालवा. नाहीतर पुढच्या वर्षी कोणी खरं लिहिणार नाही.

पैसे म्हणाल तर जानेवारीतला तो कार्यक्रम सोडून खेळांवर एक रुपया खर्च नाही. वेळ आठवड्याला अर्धा तास. तीन बुधवार डेडलाइनमुळे बुडाले, तेव्हा नांदेडच्या ताईनेच ग्रुपवर विचारलं, "आज खेळ नाही का?" परवाच्या बुधवारी यादी तिच्याकडे आहे. शब्द आधी सांगायचे नसतात, पण तिने मला एवढं विचारून ठेवलंय की तुमच्याकडे टोमॅटोला काय म्हणतात.