छेडानगरला १८,५०० रुपये गेले. गाडीत कॅमेरा नसेल तर वाचा

मुंबईत गाडी चालवत असाल आणि डॅशकॅम नसेल, तर या पगाराला बसवून घ्या. चार-पाच हजारांत बरा मिळतो. माझे १८,५०० गेले: १४,००० क्यूआर कोडवर, ४,५०० रोख.

प्रकार तुम्हाला माहीत असलेलाच, खोटा अपघात करून पैसे उकळण्याचा. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडने येऊन छेडानगरपाशी गाडी रांगत होती. डावीकडून बाइक घुसली, ठक्क आवाज, पोरगा खाली. "पाय गेला, पाय गेला!" लगेच दोघे धावत आले, आम्ही त्याला ओळखत नाही म्हणाले आणि मागितले ४५,०००.

मी म्हटलं, चला, आधी राजावाडी हॉस्पिटलात एक्स-रे काढू, खर्च माझा. तिघेही एका सुरात नको म्हणाले. पाय मोडलेल्याला हॉस्पिटल नको? तिथेच ओळखायला हवं होतं. पैसे पोचले का बघायला तो पडलेला पोरगा माझ्या मोबाइलवर वाकला, तेव्हा सगळा भार त्याच पायावर! बाइकच्या ज्या ओरखड्यावर बोट ठेवत होते, त्यात गंज चढलेला. दिसत होतं सगळं. पण मागच्या सीटवर सासूबाई, डायबेटिसच्या, घामाघूम झालेल्या, मागून हॉर्न, खिडकीला चिकटलेली माणसं, "साहेब, केस झाली तर गाडी जमा होईल, मिटवा." माझ्या जागी कोणीही पैसे दिले असते.

पहिल्या ठाण्यात उत्तर, "हद्द आमची नाही." दुसऱ्यात, "स्वखुशीने दिलेत ना? मग तडजोड झाली." धमकावून काढलेले पैसे म्हणजे तडजोड? भारतीय न्याय संहितेत खंडणीला कलम ३०८ आहे, फसवणुकीला ३१८. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता नोंदवावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. हे बोललो तर, "तुम्ही वकील आहात का?" अर्जाच्या प्रतीवर पोच द्यायलाही कुरकुर. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

सगळ्यात संताप याचा की पुरावा होता! माझ्या मागच्या टॅक्सीत डॅशकॅम होता. चालक भला माणूस, स्वतःहून नंबर दिला, पोलिसांनी बोलावलं तर येतो म्हणाला. तो नंबर मी अर्जात लिहिला. कोणी फोनसुद्धा केला नाही. कार्ड भरलं की कॅमेरा जुन्या क्लिप पुसून नव्या चढवतो. शेवटी मीच त्याला गाठलं, तोवर ती संध्याकाळ पुसली गेली होती.

म्हणून धक्का लागला की क्लिप लॉक करायचं, म्हणजे ती पुसली जाऊ नये यासाठीचं, बटण स्वतः दाबा. आपोआप लॉक करणारा सेन्सर हलक्या धक्क्याला दरवेळी जागा होत नाही. त्याच रात्री कॉपी काढा, मूळ कार्ड बाजूला ठेवा, कोर्टात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ आजच तपासा. मागच्या गाडीत कॅमेरा दिसला तर चित्रण तिथेच मोबाइलवर घ्या, पोलीस मागवतील या भरवशावर राहू नका. आणि पैशांची भाषा सुरू झाली की आधी ११२.

अर्जाची चौकशी करायला गेलं की साहेब बंदोबस्तावर असतात. मी अर्ज मागे घेणार नाही. क्यूआरवरचं नाव आणि व्यवहार क्रमांक दोन्ही त्यात लिहून दिलेत. खातं कोणाचं, एवढं बँकेला विचारायला किती वेळ लागतो?