जळगावचा रविवारचा फार्माकोकायनेटिक्स क्लास: पैसे वसूल, पण सगळ्यांसाठी नाही

बीफार्मच्या सहाव्या सेमला बायोफार्मास्युटिक्स आणि फार्माकोकायनेटिक्स (औषध शरीरात कसं शिरतं, पसरतं आणि बाहेर पडतं तो विषय) ज्यांच्या मानगुटीवर बसलंय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. जळगावात रिंग रोडच्या बाजूला एक सर रविवारी फक्त डोसची गणितं घेतात. नाव मुद्दाम टाकत नाही, पण चोपडा, अमळनेर, धरणगाव पट्ट्यातल्या कुठल्याही फार्मसीच्या पोराला विचारा, पत्ता सांगेल. मी डीफार्म करून मेडिकलच्या काउंटरवर उभा राहिलेला माणूस, नंतर डायरेक्ट सेकंड इयरला अ‍ॅडमिशन घेतली, त्यामुळे औषधांची नावं तोंडपाठ पण लॉग आला की डोकं बंद. अशा माणसाच्या नजरेतून वाचा.

क्लासची खासियत एकच, पण मोठी आहे. कॉलेजात आपल्याला फॉर्म्युल्यांची यादी देतात आणि पेपरात कुठला लावायचा ते नशिबावर सोडतात. इथे सर गणित वाचल्यावर पेन उचलू देत नाहीत. आधी विचारतात, प्रश्न सुरुवातीच्या डोसचा आहे का रोजच्या डोसचा? सुरुवातीचा म्हणजे लोडिंग डोस असेल तर व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्युशन (औषध किती लिटरमध्ये पसरल्यासारखं दिसतं तो आकडा) लागेल, रोजचा म्हणजे मेंटेनन्स असेल तर क्लिअरन्स (तासाला किती लिटर रक्त औषधापासून साफ होतं ते) लागेल, आणि तोंडाने द्यायचं असेल तर दोन्हीकडे खाली एफ येणार, म्हणजे गिळलेल्यापैकी रक्तात पोचणारा भाग. बस एवढंच. हाफ लाइफ, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, कशाला, तर किती वेळाने पुढची गोळी द्यायची आणि पातळी स्थिर व्हायला किती दिवस लागतील त्याला. ही एवढी वाटणी डोक्यात बसली की अर्धा पेपर सुटतो, खोटं नाही सांगत.

पहिल्याच रविवारी दम्याचं औषध थिओफायलिन घेतलं. ५० किलोचा दमेकरी, क्लिअरन्स तासाला किलोमागे ०.०४ लिटर, म्हणजे तासाला २ लिटर. रक्तात सरासरी १० एमजी पर लिटर हवंय. तर तासाला २० एमजी बाहेर जाणार, तेवढंच आत गेलं पाहिजे. दर बारा तासांनी गोळी द्यायची तर २४०, एफ जवळजवळ १ असल्याने भागायची गरज नाही. इथवर कोणीही शिकवेल. मग सर फळ्यावर लिहितात, थिओफायलिनऐवजी अ‍ॅमिनोफायलिन असेल तर? त्यात थिओफायलिनचा भाग साधारण ०.८, म्हणून २४० भागिले ०.८, आले ३००. हा सॉल्ट फॅक्टर कॉलेजात आम्हाला कोणी नीट सांगितलाच नव्हता आणि पेपरवाले नेमका तिथेच पाय घालतात.

आणि मग खरी मजा. सर म्हणाले, पेशंट विडी ओढतो. विडीच्या धुराने लिव्हरमधलं एन्झाइम वाढतं, सीवायपी१ए२, आणि थिओफायलिन झपाट्याने संपतं. क्लिअरन्स दीडपट धरा, ३ लिटर. तोच २४० चा डोस दिला तर पातळी १० वरून ६.७ च्या आसपास येते, पुन्हा १० हवी असेल तर डोस ३६० लागेल. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, सर आणि तंबाखू-चुना मळणाऱ्याचं काय? सगळे हसले पण सर हसले नाहीत, म्हणाले प्रश्न एक नंबर आहे. एन्झाइम वाढवतात ते धुरातले हायड्रोकार्बन, निकोटिन नाही, म्हणून मळून खाणाऱ्याला हा हिशोब लागू नाही. आणि ज्याचा डोस विडीमुळे ३६० केला त्याने विडी सोडली की काही दिवसांनी क्लिअरन्स परत २ वर येतो, डोस तोच राहिला तर पातळी १५ वर जाते. मळमळ, धडधड, झोप नाही. खेड्यावरून येणारा माणूस म्हणतो विडी सोडली तर उलट त्रास वाढला, घरचे म्हणतात सोडूच नको मग. माझ्या काउंटरवर हे वाक्य ऐकलेलं आहे. जुलाबाला सिप्रोफ्लॉक्सासिन मागायला आलेला पेशंट थिओफायलिनवर असेल तर तिथेही पातळी चढते, हेसुद्धा त्याच तासात उरकलं.

स्टेडी स्टेट, म्हणजे पातळी स्थिर होणं, समजावताना सरांनी बुडाला भोक असलेला ड्रम काढला. वरून नळ चालू, खाली भोक, पाणी जसं वर चढतं तसा भोकातून जोर वाढतो, शेवटी आत येणारं आणि बाहेर जाणारं बरोबर होतं. पुस्तकातलं नेहमीचंच आहे म्हणा, पण त्यांनी ते फिटच्या औषधाला, फेनिटॉइनला, नेऊन भिडवलं तेव्हा माझ्या डोक्यात लाइट लागली. फेनिटॉइनमध्ये भोकातून एका मर्यादेपलीकडे पाणी जातच नाही, वर कितीही चढू दे, एन्झाइम भरून गेलं की गेलं. मग आकडे: ६० किलोचा पेशंट, व्हीमॅक्स (एन्झाइम दिवसाला जास्तीत जास्त किती औषध संपवू शकतं ते) किलोमागे दिवसाला ७ एमजी म्हणजे ४२०, केएम (ज्या पातळीला तो वेग निम्मा असतो ती) ४ एमजी पर लिटर. सॉल्ट फॅक्टर बाजूला ठेवून केएम गुणिले रोजचा डोस, भागिले व्हीमॅक्स वजा डोस. ३०० दिले तर पातळी १०. ३५० दिले तर २०. ४०० दिले तर ८०! वर्गात एकदम शांतता, सगळ्यांनी परत कॅल्क्युलेटर मारला, ८० च. औषधाची ठीक रेंज १० ते २०. म्हणजे ३०० वर फिट थांबत नाही म्हणून कोणी मनाने १०० ची एक जास्तीची गोळी घेतली तर काय होईल ते बघा, डोळे फिरणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं. सर मागे वळून एवढंच म्हणाले, समजनं का भो? समजलं. काउंटरवर फेनिटॉइनची स्ट्रिप देताना आता माझा हात जरा थांबतो आणि चिठ्ठी दोनदा बघितली जाते.

हृदयाच्या औषधाचा, डिगॉक्सिनचा, तास पण चांगला झाला, पण तो जरा घाईत. व्हॉल्यूम किलोमागे ७ लिटर, ५० किलोच्या माणसाचा ३५० लिटर, माणसापेक्षा मोठा, हे ऐकून नवीन पोरं दचकतात. ते खरं भांडं नाहीये, औषध रक्तात कमी आणि मांसात जास्त बसतं म्हणून आकडा फुगतो. १ मायक्रोग्रॅम पर लिटर पातळी हवी आणि गोळीचा एफ ०.७ तर ३५० भागिले ०.७, ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२५ च्या दोन गोळ्या. परीक्षेपुरतं, प्रत्यक्षात हा डोस डॉक्टर वाटून वाटून देतात. हाफ लाइफ साधारण दीड ते दोन दिवस म्हणून पातळी स्थिर व्हायला आठवडा आणि किडनी मंद असेल तर त्याहून जास्त. किडनीवर सरांनी जोर दिला ते बरं केलं. ७० वर्षांची आजी, वजन ५०, क्रिएटिनिन (मांसातून बनणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा) १.४. लॅबचा रिपोर्ट बघून घरचे म्हणतात थोडंसंच वाढलंय. किडनी किती वेगाने साफ करते ते काढायच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात घाला, १४० वजा ७०, गुणिले ५०, भागिले ७२ गुणिले १.४, बाईसाठी गुणिले ०.८५, येतं जेमतेम ३० एमएल पर मिनिट. म्हातारं माणूस बारीक असलं की मांस कमी, क्रिएटिनिन कमी बनतं, म्हणून रिपोर्ट गोड दिसतो. हा सूत्र १९७६ चा आहे पण डोस बघायला अजून चालतो.

आता रडगाणं. पहिलं म्हणजे मुलांच्या डोसला अर्धा तासही दिला नाही आणि त्यातला बराचसा यंग आणि क्लार्कच्या जुन्या नियमांवर गेला. यंग म्हणजे वय भागिले वय अधिक १२, चार वर्षांच्या पोराला मोठ्याच्या पाव हिस्सा. पेपरात येतं, मान्य. पण आपल्याकडे काउंटरवर खरी गरज वजनाची आहे. पॅरासिटामॉल एका वेळेला किलोमागे १० ते १५ एमजी, १० किलोचं पोर म्हणजे १०० ते १५०. आता १२५ द्यायचं ठरलं तर ५ एमएलला १२० वालं सिरप असेल तर ५ एमएलच्या जरा वर, २५० वालं असेल तर अडीच एमएल, आणि १०० एमजी पर एमएलचे ड्रॉप्स असतील तर सव्वा एमएल. तीन बाटल्या, तीन मापं, आई तीच, ताप तोच. ड्रॉप्सची बाटली चमच्याने पाजली तर एका ५ एमएलच्या चमच्यात ५०० एमजी जातात, म्हणजे चारपट. याच्यावर सरांनी एक अख्खा रविवार घालायला हवा होता, मी बोललो पण त्यांना, म्हणाले सिलॅबसमध्ये नाही. इथे मला ते पटलं नाही.

दुसरं, नोट्स. झेरॉक्सची झेरॉक्स, खालची छोटी अक्षरं पुसलेली, केए आहे की केई कळत नाही, आणि या विषयात तेवढंच चुकलं की सगळं गेलं, एक आत येण्याचा वेग आणि एक बाहेर जाण्याचा. फळ्यावरून स्वतः उतरवून घ्या, नोट्सच्या भरवशावर राहू नका. सेमी-लॉग पेपर, म्हणजे एका बाजूला लॉगचं माप असलेला आलेखाचा कागद, आपला आपण आणायचा, ते आधी कोणी सांगत नाही, आणि रविवारी दुकान बंद असलं तर शेजाऱ्याच्या वहीत डोकावत बसा. मोबाइलवर कॅल्क्युलेटर चालत नाही, साधा सायंटिफिक लागतो, ई चा बटण कुठे आहे ते घरून बघून या.

जागा म्हणजे वरचा मजला, पत्र्याला लागून. एप्रिल-मे मध्ये जळगावचा पारा ४४ च्या वर गेला की कूलर फुल्ल सोडतात आणि मग सरांचा आवाज पहिल्या दोन बाकांपुरताच. पुढे जागा धरा. पाण्याची बाटली तर लागतेच. दुपारच्या सुट्टीत खालच्या गल्लीत शेवभाजी चांगली मिळते, पण तिखट, आणि नंतरच्या तासाला सेमी-लॉगवर रेषा ओढताना झोप येते.

फी इतर क्लासच्या मानाने कमी आहे, दोन हप्त्यात घेतात, काही अडचण असली तर सर समजून घेतात. जीपॅटच्या (एमफार्मच्या प्रवेश परीक्षेच्या) ट्रिक्स, एमसीक्यूचे शॉर्टकट हवे असतील तर इथे येऊ नका, सर उत्तर काढताना एकक सगळ्यात आधी लिहायला लावतात, एमजी पर लिटर आणि मायक्रोग्रॅम पर एमएल एकच हे समजेपर्यंत पुढे सरकत नाहीत, घाई असलेल्याला ते रेंगाळणं वाटेल. नॉन-कंपार्टमेंट मॉडेल, मल्टिकंपार्टमेंट वगैरे वरवर होतं, त्याला कॉलेजचंच वाचावं लागेल. ज्याला मेंटेनन्स डोस, लोडिंग डोस आणि फेनिटॉइन या तीन गोष्टी पक्क्या करायच्या आहेत त्याने डोळे झाकून जावं.

अमळनेर, धरणगावकडून येणाऱ्यांनी सकाळच्या गाडीने या, नंतरची धरली तर पहिला तास जातो, आणि पहिल्या तासातच सर मागच्या रविवारचं गणित एखाद्याला फळ्यावर बोलावून सोडवायला लावतात. नवीन बॅचचं आधी फोन करून विचारा, दारावरचा बोर्ड जुनाच लावलेला असतो.